उपग्रह आणि गुरुजी

शाळेत एखादे नवे साधन आले म्हणजे समारंभ होतो, छायाचित्र निघते, चार शब्द बोलले जातात. तेच साधन दोन वर्षांनंतर कोठे आहे, कोण वापरतो, बिघडले तर कोण दुरुस्त करतो, याची चौकशी सहसा होत नाही. शिक्षणातील साधनांचा इतिहास लिहिताना आपण पुष्कळदा या समारंभांचाच इतिहास लिहितो. आज ज्या प्रयोगासंबंधी मला बोलावयाचे आहे, त्याच्याही वाट्याला काहीसे हेच आले. १९७५-७६ या एका वर्षात भारतातील २,४०० खेड्यांत उपग्रहाच्या द्वारे दूरचित्रवाणीचे पाठ पोहोचले. त्यांतला उपग्रह लोकांच्या स्मरणात राहिला. दूरचित्रवाणीच्या त्या संचापाशी बसलेला शिक्षक मात्र विस्मृतीत गेला. आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या प्रयोगातील सर्वांत मोलाचे काम त्या शिक्षकांच्याच संबंधात घडले होते.

परंतु तेथे पोहोचण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण हा प्रश्न उपग्रहाबरोबर जन्माला आलेला नाही.

आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत मुलाचे पहिले साधन म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक माती अथवा विटेची पूड पसरावयाची, तीत बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवावयाचे, चुकले की हात फिरवून मोडावयाचे. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्या पाटीवरूनच आपल्या भाषेत राहिला आहे. कागद महाग होता, बोरू आणि दौत सांभाळणे लहान मुलांना कठीण होते. धुळीला मात्र काही पडत नव्हते. शिवाय या शाळांत आणखी एक रीत रुळलेली होती. पुढे गेलेला मुलगा मागच्यांना धडे घालून देई, उजळणी म्हणवून घेई. दक्षिणेतही हीच तऱ्हा होती. डॉ. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ साली मद्रास येथील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक झाले. मलबारी मुले वाळूत अक्षरे काढताना त्यांच्या दृष्टीस पडली. आपल्या शाळेतील शिक्षकांनी हे करून पाहावे असे त्यांनी सुचविले. शिक्षकांनी ते मनावर घेतले नाही. तेव्हा बेलसाहेबांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला वर्गावर बसविले, आणि त्याने लहानांना वाळूत मुळाक्षरे शिकवून दाखविली. १७९७ मध्ये बेल यांनी या अनुभवावर लंडनमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे इंग्लंडात हीच ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली; जोसेफ लँकेस्टर यांनीही जवळजवळ तशीच पद्धत चालविली, आणि १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यात नव्या शाळा निघाल्या तेव्हा ती लँकेस्टरच्या नावाने आपल्याकडे परत आली! आपलीच वस्तू विलायती वेष्टनात मिळण्याचा हा प्रकार गमतीचा खराच. परंतु इंग्लंडने जे नेले त्यात वाळू होती तसा वर्गनायकही होता, आणि नुसत्या वाळूने तेथे काही साधले असते असे वाटत नाही.

नभोवाणी शाळेत आली ती १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात. शाळांसाठी खास कार्यक्रम होऊ लागले, परंतु संच थोडे आणि ऐकणाऱ्या शाळा त्याहून थोड्या, अशी अवस्था दीर्घकाळ राहिली. त्या कार्यक्रमांपेक्षा मला अधिक बोधप्रद वाटतो तो पुण्यातील एक प्रयोग. तो शाळेतला नव्हे, प्रौढांचा आहे. पण ‘यंत्रावरून मनुष्य काय शिकतो’ या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर आपल्या देशात त्यापूर्वी कोणी मिळविले नव्हते, आणि ते मिळाले मराठीतून.

१९५६ साली, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, गावचा कारभार असे विषय असत. गावातील पंधरा-वीस माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत चर्चा करीत. एकजण टिपण घेई, आणि शंका पुण्यास कळविल्या जात. पुढील कार्यक्रमांतून त्या शंकांना उत्तरे मिळत. या सर्वांची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तिचे सूत्रधार होते समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. मंडळे असलेल्या गावांबरोबरच, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि दोन्ही नाहीत अशी गावेही त्यांनी तुलनेसाठी तपासली. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढलेले आढळले. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे त्या मानाने फारच थोडा फरक पडला होता. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर (हे स्वतः हिंदीतील नामांकित नाटककार) आणि न्यूराथ यांनी लिहिलेला वृत्तांत युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

आता उपग्रहाकडे वळू. देशातील दूरदूरच्या खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवावयाची तर शहराशहरांतून मनोरे उभारीत वर्षे दवडण्यापेक्षा एकदम उपग्रहाचाच मार्ग धरावा, असा विचार डॉ. विक्रम साराभाई यांनी मांडला होता. १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचे अणुऊर्जा खाते आणि अमेरिकेची ‘नासा’ यांच्यात करार झाला: अमेरिकेने आपला उपग्रह एक वर्ष द्यावयाचा, जमिनीवरील सर्व साधने आणि सर्व कार्यक्रम भारताने सिद्ध करावयाचे. साराभाई यांना हा प्रयोग पाहावयास मिळाला नाही. १९७१च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. ‘एटीएस-६’ हा उपग्रह ३० मे १९७४ रोजी सोडण्यात आला. अमेरिकेतील कामगिरी आटोपल्यावर त्याला पूर्वेकडे सरकवून आफ्रिकेच्या माथ्यावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आणून उभे करण्यात आले. १ ऑगस्ट १९७५ रोजी प्रक्षेपण सुरू झाले. ते दिवस आणीबाणीचे होते, आणि सायंकाळच्या कार्यक्रमांवर सरकारी प्रचाराची छाया होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, मध्य प्रदेश, बिहार आणि राजस्थान ही सहा राज्ये निवडली होती. प्रत्येकात सुमारे चारशे गावे. महाराष्ट्र त्यांत नव्हता, आणि मराठी ही प्रयोगाच्या भाषांपैकी नव्हती. तरी मराठी माणसाचा हात त्यात अजिबात नव्हता असे नाही. या संपूर्ण प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस. रायपूर आणि गुलबर्गा यांसारख्या, मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या जिल्ह्यांचाही निवडीत समावेश होता. त्या बाजूच्या काही वडीलधाऱ्या श्रोत्यांनी ती छत्री कदाचित पाहिलीही असेल.

छत्री म्हणण्याचे कारण असे. गावोगाव जो ग्राहक-आकाशक बसविला तो सुमारे दहा फूट व्यासाचा होता, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीचा केलेला होता. स्वस्त, हलका, वाऱ्याला वाट देणारा; आणि तुटला तर गावच्या कारागिरालाही जोडता यावा असा. उपग्रह स्वतः सामर्थ्यवान असल्यामुळे जमिनीवर एवढ्या साध्या वस्तूने भागत होते. कृष्णधवल संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तयार केले. वीज असलेली गावेच बहुतांशी घेतली होती. काही थोड्या ठिकाणी संच विद्युत्‌घटांवर चालत. संच ठेवावयाचा तो सार्वजनिक जागेत, म्हणजे बहुतेक गावांत शाळेत. म्हणून कुलपाची किल्ली आली ती गुरुजींकडे.

या प्रयोगातील माझ्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय बाब म्हणजे दुरुस्तीची व्यवस्था. संच बसवून अभियंते निघून गेले नाहीत. प्रत्येक राज्यसमूहात देखभालीची केंद्रे, त्यांच्या हाताखाली उपकेंद्रे, सुटे भाग, जीपगाड्या आणि तंत्रज्ञ अशी साखळी उभी केली होती, आणि तिच्यामुळे वर्षभर बहुतेक संच चालू स्थितीत राहिले. हे वाक्य कोणाला किरकोळ वाटेल. सरकारी नोकरीत ज्याने थोडी वर्षे काढली आहेत, त्याला ते तसे वाटणार नाही.

सकाळी दीड तास शाळांसाठी असे. हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया या चार भाषांत तो वाटलेला असल्यामुळे प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत. पाच ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी हे कार्यक्रम होते. आता एकशिक्षकी शाळेची कल्पना करा. एक खोली, चार इयत्ता, एक संच. पाच वर्षांचे पोर आणि बारा वर्षांचा मुलगा एकाच पडद्यापुढे मांडी घालून बसलेले. कार्यक्रम सुरू झाला की तो कोणासाठी थांबत नाही. मागच्या मुलाला कळले नाही तरी थांबत नाही, आणि संपला की पुढे काय विचारावे हे शिक्षकाला ठाऊक नसते, कारण कार्यक्रम त्यानेही मुलांबरोबरच प्रथम पाहिलेला असतो.

परिणामांची पाहणी पुष्कळ काळजीने झाली. काही खेड्यांत तर संशोधक महिनोन्‌महिने राहून दैनंदिन जीवन टिपीत होते. मुलांच्या बाबतीत निष्कर्ष संमिश्र निघाले. त्यांच्या भाषेत प्रगती दिसली. पुस्तकाबाहेरूनही काही शिकता येते अशी उत्सुकता वाढलेली दिसली. पण दूरचित्रवाणी आली म्हणून शाळेत नावे अधिक नोंदली गेली, किंवा मधूनच शाळा सोडणारी मुले थांबली, असे घडले नाही. तसे होण्याचे कारणही नव्हते. गुरे राखावयास किंवा धाकट्या भावंडाला सांभाळण्यास ज्या मुलीला घरी ठेवले आहे, तिची अडचण शाळेत कार्यक्रम नाही ही नव्हती. सायंकाळच्या प्रौढांच्या कार्यक्रमांतून निरक्षर आणि दुर्बल वर्गातील माणसांनी आरोग्यासंबंधी ग्रहण केलेले ज्ञान उल्लेखनीय ठरले. शेतीच्या पद्धती मात्र पाठ ऐकून बदलल्या नाहीत.

याच वर्षात, याच संचांवर आणखी एक गोष्ट करण्यात आली. १९७५च्या ऑक्टोबरात शाळांना सुटी असताना सकाळचे प्रक्षेपण मुलांऐवजी प्राथमिक शिक्षकांसाठी वापरले गेले. विषय होता विज्ञान कसे शिकवावे. बारा दिवसांचा वर्ग, आणि एका फेरीत सुमारे २४,००० शिक्षक! २,४०० संच आणि २४,००० शिक्षक, म्हणजे सरासरी एका संचाभोवती दहाजण. परंतु त्यांना नुसते पडद्यापुढे बसविले नव्हते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने छापील साहित्य तयार केले होते. नभोवाणीवरून पूरक पाठ होत. प्रत्येक ठिकाणी एक मार्गदर्शक नेमलेला असे. आणि पडदा बंद झाल्यावर शिक्षकांनी आसपास मिळणाऱ्या साध्यासुध्या वस्तू घेऊन प्रयोग स्वहस्ते करावयाचे, मग चर्चा करावयाची, असा क्रम होता. प्रयोगाचे वर्ष संपण्यापूर्वी दुसऱ्या फेरीत आणखी तितकेच शिक्षक घेतले गेले. एकूण सुमारे ४८,०००. शिक्षकांकडून या वर्गाला मिळालेला प्रतिसाद संपूर्ण प्रयोगातील अत्यंत उत्साहवर्धक भागांपैकी होता.

पुण्याच्या श्रोतृमंडळाशी याचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे. दहा-पंधरा माणसांचा गट, मध्ये एक जाणता, हातात लिहिलेले काही, आणि ऐकून झाल्यावर करावयाचे काही. यंत्र दोन्ही ठिकाणी सारखे नाही, भाषा सारखी नाही, विषयही सारखा नाही. एकोणीस वर्षांच्या अंतराने, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन प्रयोगांत जे सारखे होते ते हेच. उलट सकाळच्या साडेबावीस मिनिटांत ते नव्हते. उपग्रह तोच, संच तोच, खोलीही तीच.

असे असता पुढील काळात यातून उचलले काय गेले? ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला, उपग्रह परत नेण्यात आला, आणि काही गावांना जमिनीवरील प्रक्षेपकांनी थोडाफार आधार दिला. १९८३ पासून ‘इन्सॅट’ मालिकेचे उपग्रह कामाला आले. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान मंडळाने उच्च शिक्षणाचे पाठ दूरदर्शनवर सुरू केले. त्याच सुमारास सुमारे अडीचशे शाळांना ब्रिटिश बनावटीचे संगणकही देण्यात आले. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी योजिलेला ‘एज्युसॅट’ श्रीहरिकोटा येथून अवकाशात गेला. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा त्याच्या आरंभीच्या प्रयोगांत वाटा होता. २०१० मध्ये तो उपग्रह निवृत्त झाला, आणि २०१३च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी बंद पडलेल्या केंद्रांवर आणि अपुऱ्या पाठांवर बोट ठेवले.

हे पुनःपुन्हा का घडते, याचा उलगडा कोणाच्या दुष्टाव्यात शोधण्याची गरज नाही. तो बराचसा अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. संच विकत घेणे हा एकदाचा खर्च असतो. त्याची निविदा निघते, वस्तू दिसते, मोजता येते, आणि अहवालात ‘उद्दिष्ट साध्य’ असे लिहिता येते. संच दुरुस्त करणारा माणूस, त्याचा प्रवासभत्ता, जळालेला सुटा भाग, शाळेचे विजेचे देयक आणि शिक्षकाचे प्रशिक्षण हे दरवर्षीचे खर्च. आणि काटकसरीचे परिपत्रक निघाले की पहिली कात्री यांनाच लागते. एका तालुक्यात पाहणीला गेलो असता मुख्याध्यापकांच्या खोलीत एक सुरेख संच पाहिल्याचे मला आठवते. वर भरतकामाचे आच्छादन होते, आणि चौकटीवर पूजेचे हळदीकुंकू तसेच होते. शाळेचे विजेचे देयक थकल्यामुळे जोडणी तोडलेली होती. मुख्याध्यापक बिचारे संकोचले. वास्तविक त्यात त्यांचा दोष काहीच नव्हता.

२०१७च्या शिक्षकदिनी, ५ सप्टेंबर रोजी, ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले, आणि पाठ्यपुस्तकांतच संकेतचिन्हे छापून भ्रमणध्वनीवर पाठ उघडण्याची सोय झाली. या चिन्हांशी ज्यांचे नाव निगडित आहे ते रणजितसिंह डिसले हे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्याची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांत वाटून दिली. पुरस्कार देणाऱ्यांनी त्यांचे जे कार्य सांगितले त्यात चिन्हांआधीची एक गोष्ट आहे: मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे पाहून त्यांनी पुस्तकाचा मजकूर त्या भाषेत आणला.

त्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, महामारीमुळे देशभरच्या शाळांना कुलपे लागली. तेव्हा प्रथमच असे झाले की साधन घरी आणि शिक्षक दूर, अशी स्थिती अपवाद न राहता नियम बनली. सरकारने इयत्तावार बारा वाहिन्या योजल्या. संकेतस्थळांवर पाठांचा तोटा नव्हता. परंतु राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या फेरीनुसार ग्रामीण भागातील केवळ १४.९ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय होती. शहरांत ते प्रमाण ४२ टक्के होते. पुढील दोन-तीन वर्षांत भ्रमणध्वनी पुष्कळ वाढले हे खरे; पण घरातला एकुलता भ्रमणध्वनी सकाळी बापाबरोबर कामावर जात असेल, तर दुपारचा पाठ मुलाच्या कामाचा नाही. एका भ्रमणध्वनीवर तीन भावंडे असली तर तो बहुधा थोरल्या मुलाच्या हातात राही, आणि मुलीची पाळी शेवटी येई.

त्या पावसाळ्यात पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, दांडवळ आणि आसपासच्या आदिवासी वस्त्यांत, एका स्वयंसेवी संस्थेने वेगळाच मार्ग धरला. तेथे भ्रमणध्वनीचा भरवसा नव्हता. पाठ आधी ध्वनिमुद्रित केले, वस्तीत मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक लावला, आणि मुले अंतर राखून भोवती बसू लागली. लोक तिला ‘बोलकी शाळा’ म्हणत. उपग्रह नाही, पडदा नाही. आवाज, एक जागा, काही मुले, आणि ध्वनिक्षेपक सुरू करून त्यांच्याजवळ थांबणारा एक तरुण स्वयंसेवक.